लसूण गेला आत!

"अगं, चेंडू डावीकडे गेला! तू उजवीकडे काय बॅट फिरवतेस?" गुगली ओरडला.

"मला दोन-दोन चेंडू दिसतायत!" फटाकीने बॅट टेबलावर टाकली आणि ती मटकन खालीच बसली.

सुट्टी लागल्यापासून ही भावंडं मामाकडे मुक्कामाला होती. मामा क्रीडासंकुलात टेबल टेनिस शिकवायचा. तिथल्या तळघरातल्या नव्याकोऱ्या हॉलमध्ये मुलांची स्पर्धा चालू होती आणि आपली फटाकी चक्क फायनलला पोचली होती! पण फायनल उद्यावर आली आणि हिचं डोकं ठणकायचं काही थांबेना.

"मामा, मळमळतंय रे मला."

"धास्ती घेतलीयस तू. गोळी घे, बरं वाटेल," असं म्हणत मामाने स्वतःचंच कपाळ चोळलं.

तेवढ्यात संकुलाचे व्यवस्थापक आले. सगळी मुलं त्यांना साहेबकाका म्हणायची. "रात्रभर मोबाईल बघायचा आणि दिवसा डोकं धरून बसायचं! आमच्या लहानपणी असली नाटकं नव्हती!" असं म्हणून ते हॉलभर सुगंधी फवारा मारत निघून गेले.

गुगलीने बहिणीला ओढतच वर अंगणात आणलं. मामाच्या शेजारची चष्मिष तिथे पायरीवर बसून सफरचंद खात होती. थोड्या वेळाने फटाकी ताठ बसली. "मला पण दे की एक फोड!"

"आत्ता तर मरायला टेकली होतीस!" गुगली म्हणाला.

"हो, पण आता काहीच होत नाहीये!"

चष्मिषचं खाणं थांबलं. "थांब. काल सकाळी सराव केलास तेव्हा दुखलं होतं?"

"नाही. मस्त खेळले."

"आणि परवा संध्याकाळी?"

"बापरे, परवा तर खूपच! लाइट गेले होते ना, तेव्हा."

"आज पण गेलेत!" गुगली उडालाच. "आणि मामाचंसुद्धा तेव्हाच दुखतं! म्हणजे अंधाराने डोकं दुखतं?"

"अंधार कुठे होतो, बावळट? जनरेटर लागतो की!" फटाकी म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इमारतीच्या मागे धूम ठोकली.

मागच्या अरुंद बोळात जनरेटर धडधडत होता. त्याचा धुराचा पाइप भिंतीकडे तोंड करून होता आणि पाइपाच्या अगदी वर भिंतीत एक मोठी जाळी होती. जाळीआड पंखा फिरत होता. चष्मिषने नाक दाबून खिशातला कागदी रुमाल जाळीसमोर धरला. रुमाल हातातून सुटला आणि थप्पकन जाळीला चिकटला!

"हवा आत खेचतोय हा! हॉलमध्ये हीच हवा जाते!"

"चला, लांब व्हा आधी!" फटाकीने दोघांना मागे ओढलं. "पण आत धुराचा वास कुठे येतो?"

"नव्या रंगाचा वास, वर काकांचा फवारा! आणि धुरातला खरा विषारी वायू असतो ना, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासच नसतो. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलंय. माणूस झोपल्यासारखा होतो आणि..." चष्मिषने वाक्य अर्धवटच सोडलं.

"पण जनरेटर इथे ठेवला कुणी?" असं म्हणेपर्यंत गुगलीला पलीकडची पत्र्याची शेड दिसली. तिच्या खांबावर जनरेटरच्या वायरी अजून लोंबकळत होत्या. आणि शेडच्या सावलीत दिमाखात उभी होती साहेबकाकांची चकचकीत नवी गाडी!

"गाडीला ऊन लागू नये म्हणून!" फटाकीची कानशिलं तापली. "आणि आमची डोकी गेली तरी चालतील!"

संध्याकाळी मुलांनी मामाला सगळं सांगितलं. मामा काकांशी बोलून आला खरा, पण आल्यावर म्हणाला, "अरे, तो पंखा हवा बाहेर फेकतो म्हणे. रुमाल वाऱ्याने चिकटला असेल. आता झोपा बघू."

"वारा? त्या बोळात?" फटाकी उशीत तोंड खुपसून पुटपुटली. "उद्या हॉल माणसांनी भरणार. मामा असणार, मामी असणार. दुपारी दुरुस्तीसाठी वीजही बंद ठेवणार आहेत!"

"मग हवा कुठून कुठे जाते ते उद्या सगळ्यांच्या नाकालाच कळू दे!" गुगली डोळे मिचकावत म्हणाला. "मामीच्या टोपलीत लसूण किती आहे गं?"

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच भरला. वीज अजून होती आणि साहेबकाका माइकवर रंगात आले होते. "आमच्या या अत्याधुनिक, हवेशीर हॉलमध्ये..."

तिकडे बोळात गुगली आणि चष्मिष लसूण ठेचत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ठेचा त्यांनी ओल्या पंचावर थापला आणि पंचा काठीला बांधून जाळीसमोर धरला.

"शी! कसला वास हा?" पहिल्या रांगेतल्या आजोबांनी नाकाला रुमाल लावला. हळूहळू सगळा हॉल कुजबुजू लागला. एक बाळ जोरात शिंकलं.

"कोण लसूण खाऊन आलंय?" काका गरजले.

फटाकी टुणकन मंचावर चढली. तिने काकांच्या हातातला माइक घेतला. "कोणीच नाही! लसूण बाहेर आहे, मागच्या जाळीपाशी. तो पंखा हवा आत ओढतो! आणि त्याच जाळीखाली जनरेटरचा धूर सुटतो. म्हणूनच वीज गेली की आमची डोकी दुखतात!"

त्याच क्षणी दिवे गेले. क्षणभर काळोख, मग बाहेर धडधड सुरू झाली.

"बंद करा तो!" गर्दीतून एक खणखणीत आवाज आला. स्पर्धेसाठी बोलावलेल्या डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "मळमळतं? बाहेर गेल्यावर बरं वाटतं?"

"हो!" आवाज एकट्या फटाकीचा नव्हता. सराव करणारी सगळीच मुलं ओरडली होती. आणि मामासुद्धा.

"सगळे बाहेर चला! धक्काबुक्की नको, लहान मुलं आधी!"

मामाने धावत जाऊन जनरेटर बंद केला आणि गुगली-चष्मिषला बोळाबाहेर आणलं. अग्निशमन दलाचे लोक आले. त्यांनी रिकाम्या हॉलमध्ये वायू मोजायचं यंत्र ठेवलं आणि तोंडाला मुखवटे लावून जनरेटर पुन्हा चालू केला. बाहेर सगळे श्वास रोखून ऐकत होते. थोड्याच वेळात यंत्र कर्कश बोंबलू लागलं!

"तासभर सगळे आत बसले असते," दलाचे प्रमुख गंभीरपणे म्हणाले, "तर आज आम्हाला फार वेगळ्या कामाला यावं लागलं असतं."

साहेबकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांची स्वतःची नातही पहिल्या रांगेत बसली होती! त्यांनी तिला घट्ट जवळ घेतलं, मग मुलांपुढे येऊन मान खाली घातली. "चुकलो मी. गाडीची सावली बघितली, माणसं नाही बघितली." त्याच पावली जाऊन त्यांनी गाडी शेडमधून बाहेर काढली.

डॉक्टरबाईंनी फटाकी आणि चष्मिषच्या खांद्यांवर हात ठेवले. "दुखल्यावर गोळी सगळेच देतात. कधी दुखतं आणि कुठे गेलं की थांबतं, हे तुम्ही विचारलंत. माझं निम्मं काम तुम्हीच केलंत!"

"आणि मी मात्र गोळ्याच वाटत बसलो," मामा म्हणाला. त्याने तिघांनाही कवेत घेतलं. "पोरांनो, आज सगळ्यांचा जीव वाचवलात तुम्ही!"

मोठी माणसं टाळ्या वाजवत होती, पण फटाकीचं लक्ष केव्हाच दुसरीकडे गेलं होतं. दलाच्या लोकांनी टेबल वर आणून दिलं होतं आणि झाडांच्या सावलीत मुलं त्याला जाळं बांधत होती.

"मामा, सोड ना!" ती धडपडत सुटली आणि खोल श्वास घेऊन पळाली. "माझी फायनल आहे!"