वाढत्या अंगाचं

मी वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दुकानांतले तराजू, मोजपट्ट्या, लिटरची मापं, सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे ‘साधारण’ हा शब्द मला खपत नाही. कपड्यांच्या बाबतीत मात्र बावन्नाव्या वर्षी मी करड्या रंगाच्या पलीकडे जात नव्हते. भाचीला ते बघवेना. माझ्या कपाटात ढग दाटून आलेत असं म्हणत तिने एका कंपनीत माझं नाव नोंदवून टाकलं. दर महिन्याला आपल्यासाठी निवडलेले कपडे खोक्यातून घरी येणार. आवडतील ते ठेवायचे, बाकीचे परत. निवडणारी बाई दिसत नाही, तिची चिठ्ठी तेवढी येते.

फॉर्मवर विचारलं होतं, कपडा अंगावर कसा बसलेला आवडतो? मी खरं ते लिहिलं: आई शिवायची तसा. ती सगळं वाढत्या अंगाचं शिवायची, पुढच्या वर्षीही व्हावं म्हणून.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. चेहरा फोटोंत आहे, पण आवाज कुठेच नाही. कितीही ताण दिला तरी तो आठवत नाही, आणि त्याचं मला अजूनही फार वाईट वाटतं. हे अर्थात फॉर्मवर लिहिलं नाही.

पहिल्या खोक्यातला निळा शर्ट छान होता, पण जरा सैल. ‘वाढत्या अंगाचं घेतलंय,’ अशी चिठ्ठी. मला हसू आलं. आता वाढलेच तर आडवीच वाढणार होते.

दुसऱ्या खेपेला फुलाफुलांचा टॉप आला. कॉलेजात मी अगदी तसाच घालायचे. तोही सैल. तिसऱ्या खेपेला पट्ट्यापट्ट्यांचा फ्रॉक. घातला तर खांद्यांवरून ओघळत होता. तरी काहीतरी खटकलं म्हणून काढून मोजला. छाती अठ्ठावीस इंच. मग स्वतःला मोजलं. अडतीस. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी प्रयोगशाळेत नेऊन तपासली. पट्टी बरोबर होती.

शहाणपण सांगत होतं, हे बंद कर. पण त्या कपड्यांना उन्हात वाळलेल्या सुताचा वास यायचा, आणि ते घालून बसलं की हरवलेल्या गोष्टी आपसूक परत यायच्या. आईच्या कोपरावरचा तीळ. ओठांत टाचण्या धरून तिचं हसणं. इतक्या जवळ येऊन मी मागे फिरणार नव्हते. एकही कपडा परत केला नाही. रोज सकाळी दाराच्या चौकटीला टेकून उंची तेवढी मोजायचे. पाच फूट दोन इंच. रोज तेवढीच.

पाचव्या महिन्यात भाची आली, तेव्हा मी तिला फ्रॉक घालून दाखवला. तिने मला नखशिखांत न्याहाळलं. मग चहा न घेताच निघाली.

“आत्या, ऑफिसात कुणी काही म्हटलं का तुला?”

“काय म्हणणार?”

जाताना ती माझ्या केसांवरून हात फिरवून गेली.

सहावं खोकं रविवारी सकाळी आलं. खोकं आणणारा माणूस नेहमीचाच. एरवी ‘मॅडम, इथे सही’ एवढंच म्हणायचा. आज तो थोडा वाकला.

“घरात मोठं कुणी आहे का? सही लागेल.”

मी माझं वय सांगायला तोंड उघडलं.

“आले हं,” स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं. “हात ओले आहेत.”

त्रेचाळीस वर्षं आठवत नव्हता, तो आवाज हाच. मी लगेच ओळखला. डोळे भरून आले, पण मागे वळायचा धीर होईना.

नळ बंद झाला. पावलं जवळ आली आणि माझ्या मागे थांबली.

त्या माणसाने पेन पुढे केलं. माझ्या डोक्यावरून.