चार दारं, पाच आठवडे

घंटीवर माझं नाव! रस्त्याकडच्या दाराशी पितळी पट्टी, पट्टीवर घंट्या, आणि एकीच्या शेजारी काळ्या शाईत टापटीप अक्षरात लिहिलेलं: कोवालचिक. पाठीवरची पिशवी खाली न ठेवताच मी फोटो काढला आणि आईला पाठवला. ओहायोत तेव्हा पहाट होती. तरी तिचं उत्तर लगेच आलं. "पोचली नाहीस तोवर घरचीच झालीस की गं!"

*

बटाट्याच्या कोशिंबिरीत मेयोनीज घालत नाहीत. गरम रस्सा घालतात. "माझ्या आईसमोर मेयोनीजचं नाव काढू नकोस," मला घरातली एक खोली देणारी स्वेन्या म्हणाली. "उपाशी पाठवेल."

*

झाडायचं वरून खाली. खालून वर कधीच नाही.

*

रविवारी काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत. मी टाकल्या. तीन. तिसरीच्या आवाजाला समोरच्या तीन खिडक्या उघडल्या.

*

नेकार नदीचं पाणी मे महिन्यात इतकं गार असतं की पाय सोडले की हसूच फुटतं.

*

घरात शिरताना बूट बाहेर. आत घालायला मला राखाडी लोकरीच्या सपाता मिळाल्या. अगदी मापाच्या.

*

तळमजल्यावर आयझेलेबाई. पहिल्यावर राप सर. दुसऱ्यावर स्वेन्या आणि मी. तिसऱ्यावर दातांच्या डॉक्टर फेटरबाई. त्यावर माळा, त्याला कुलूप. म्हणजे राहती दारं चार.

मी हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण सगळं त्या चारावर अडलं.

*

जर्मनीत टूबिंगनला मी जर्मन भाषा शिकायला आले होते. ११ मे ते ६ ऑगस्ट, वय वीस, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. ओहायोतल्या टोलेडोत आई आणि मी, दोघीच. तिने फ्रिजवर दिनदर्शिका लावली होती आणि रोज एक चौकोन खोडत होती. दर रविवारी तीन वाजता मी फोन करायची. ती आधी किती चौकोन उरले ते सांगायची आणि मग विचारायची, "जेवलीस का?"

खरं सांगायचं तर चौकोन कमी झालेले मला आवडत नव्हते. मी इतकी खूश होते की सकाळी गजराच्या आधी उठायची. पाववाल्याच्या दुकानात माझं बोलणं पहिल्यांदा एका दमात कळलं, त्या दिवशी मी घरापर्यंत पळत आले. पुलावरून जाताना अनोळखी माणसांना नमस्कार करायची. "हे बंद कर," स्वेन्या म्हणायची. "लोकांना वाटेल तू काहीतरी विकतेयस."

झाडण्याचा आठवडासुद्धा मला आवडला. एक लाकडी पाटी असते, तळहाताएवढी, दोरी लावलेली. ती ज्याच्या दाराच्या मुठीला, त्याचा आठवडा. शनिवारी दुपारी बाराच्या आत त्याने जिना झाडायचा, पुसायचा आणि पाटी पुढच्या दाराला लावायची. आमच्या जिन्याला अडुसष्ट पायऱ्या. १४ मेला स्वेन्याने मला पहिला धडा दिला. तिसऱ्या मजल्यावरून तिने वाकून खाली पाहिलं आणि पुटपुटली, "म्हातारी उभी आहे."

आयझेलेबाई खरंच उभ्या होत्या. वय एकोणऐंशी, एप्रन इस्त्रीचा.

"कोपरे," त्या खालूनच म्हणाल्या.

"पुसले हो बाई," स्वेन्या म्हणाली.

"पुसलेले कोपरे मला माहीत आहेत. हे ते नव्हेत."

कधी अडचण आली तर आठवडा बदलून घेता येतो. जूनमध्ये राप सरांनी फेटरबाईंशी बदलला. पण एकास एक, आणि चिठ्ठी लिहून, दाराला लावून. "तोंडी नाही चालत?" मी विचारलं. "तोंडी कोणीही काहीही बोलतं," स्वेन्या म्हणाली. "लिहिलं की झालं."

२१ मेला पाटी फेटरबाईंकडे होती. त्यानंतर ती खाली आयझेलेबाईंकडे यायला हवी होती. आली नाही. २८ मेच्या शनिवारी मी पाव आणायला निघाले, तेव्हा कशी कोण जाणे वर नजर गेली. पाटी माळ्याच्या मुठीला होती.

"अगं, हे काय? तिथं कोण राहतं?"

"पाचवा आठवडा आहे," स्वेन्या म्हणाली आणि मला हाताला धरून आत घेऊन आली. "आता साडेअकरापर्यंत बाहेर पडायचं नाही."

"दारं तर चार आहेत."

"हो."

"मग?"

"मग काय? जिना स्वच्छ होतो ना?"

आम्ही कॉफी प्यायलो. बाहेर बादली टेकल्याचा आवाज आला. फडकं पिळलं गेलं. पाणी बराच वेळ गळत राहिलं. आवाज एकेक पायरी खाली उतरत आमच्या दारापाशी आला, थोडा थांबला आणि पुढे गेला. दार उघडलं तेव्हा साऱ्या पायऱ्या ओल्या होत्या, साबणाचा वास होता, आणि कोपरे असे होते की मला माझ्या कोपऱ्यांची लाज वाटली.

मी हुशार मुलगी आहे. संध्याकाळपर्यंत मी कोडं सोडवलं होतं. आयझेलेबाई! त्यांना कोणाचंच झाडणं पसंत नव्हतं. म्हणून दर पाचव्या आठवड्याला त्या स्वतःच गुपचूप सगळा जिना पुन्हा धूत असणार, आणि घरातली माणसं त्यांचं मन राखत असणार. मला ते फार गोड वाटलं.

*

२ जुलै. स्वेन्या बहिणीच्या लग्नाला गावी गेलेली. मी आदल्याच दिवशी परीक्षा पास झाले होते, वर्गात दुसरी! मला कोणाचं तरी काहीतरी भलं करायचं होतं. पाटी माळ्याला होती. एकोणऐंशीचे गुडघे आणि अडुसष्ट पायऱ्या, माझ्या मनात आलं.

नऊ वाजताच मी बादली भरली. वरून खाली, कोपऱ्यांसकट. मग चिठ्ठी लिहून माळ्याच्या दाराला लावली: "तुमचा आठवडा मी केला. पुन्हाही करीन. कधीही! टेसा."

आमच्याकडे 'कधीही' असं सहज म्हणतात. निरोप घेताना म्हणतात. कोणी ते मनावर घेत नाही.

दहाला आयझेलेबाई कठडा धरून वर आल्या. मी त्यांना एवढ्या उंच आलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"हे कोणाला लिहिलंत?"

"तुम्हालाच की."

"माझा आठवडा पुढचा आहे."

"मग काढून टाकू?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "राहू द्या," त्या हळू म्हणाल्या. "आता वाचून झालंय."

सोमवारी चिठ्ठीच्या खाली पेन्सिलीने एक शब्द होता. अक्षर तिरकं, जुन्या वळणाचं. मला ते लागलं नाही. आयझेलेबाईंनी चष्मा न लावता वाचलं. "मान्य."

राप सर त्या घरात एकतीस वर्षं राहतात आणि बाई त्यांना अजून 'तुम्ही' म्हणतात. त्या सोमवारपासून त्या मला 'तू' म्हणू लागल्या. मी आईला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं.

त्याच सुमाराला माझ्या सपाता हरवल्या.

*

२३ जुलै, आमचा आठवडा. स्वेन्या आणि मी बादली घेऊन बाहेर आलो. जिना धुतलेला, ओला. पाटी आधीच फेटरबाईंच्या दाराला.

स्वेन्याने श्वास सोडला. "एकास एक. फिटलं. टेसा, तू त्या चिठ्ठीत दुसरं काही नव्हतं ना लिहिलं?"

"नाही," मी म्हणाले. मला खरंच आठवलं नाही.

*

३१ जुलै, रविवार. लांब होडीतून नदीवर गेलो होतो, सगळा वर्ग. गात, ओले होत. परतायला साडेचार झाले. मी धापा टाकत आईला फोन लावला.

"सॉरी आई, उशीर झाला!"

"कसला उशीर?" आई म्हणाली. "आत्ताच तर तासभर बोललो आपण."

"आपण?"

"पाठ दुखते म्हणालीस. जिन्यामुळे. अगं, किती छान बोललीस आज. घाई नाही, काही नाही. सारखी विचारत होतीस, घर कसं आहे, माझी खोली कशी आहे, खिडकी कुठल्या बाजूला." ती हसली. "सहा चौकोन उरले. पीचचा केक करून ठेवते."

मी म्हटलं, तिची गफलत झाली असेल, मागच्या रविवारचं बोलणं असेल. मी तसंच धरून चालले. शेवटचा आठवडा होता, आणि मला अजून कितीतरी करायचं होतं.

*

६ ऑगस्ट, शनिवार. बारा पाचची गाडी, मग श्टुटगार्टहून विमान. लाल सूटकेस रात्रीच भरली होती, निळं जाकीट तिच्यावर. नऊ वाजता दात घासून आले, तर पाटी माझ्या खोलीच्या दाराला.

बाहेरच्या दाराला नाही. आतल्या, माझ्या.

त्या आठवड्यात ती माळ्याला असायची.

मला 'कधीही' आठवलं.

अर्ध्या तासाचं काम, मी म्हटलं. जाण्याआधी एकदा जिना धुऊन जावं, छानच की! खरंच आनंद वाटला. बादली घेऊन बाहेर आले, तर आयझेलेबाई वळणावर उभ्या.

"गरम पाणी घे. गाराने डाग जात नाहीत."

"बाई, मला बाराची गाडी आहे."

"होईल गं. आधी हे."

मी वर गेले. माळ्याचं दार उघडं होतं.

आत कौलातल्या काचेतून ऊन पडलं होतं. एक पलंग, चादर घट्ट खोचलेली. एक स्टूल. पलंगाखाली राखाडी सपाता, माझ्या.

हात लावला तर त्या अजून उबदार होत्या.

मी वरून सुरुवात केली.

तिसऱ्या मजल्यापर्यंत आले तेव्हा खाली चाकांचा आवाज आला. मी कठड्यावरून वाकले. लाल सूटकेस. निळं जाकीट. केस माझ्यासारखे मागे बांधलेले.

स्वेन्या त्या जाकिटाला मिठी मारून रडत होती. "पुन्हा ये हं. आणि तिकडे अनोळखी माणसांना नमस्कार करत सुटू नकोस!"

जाकीट हसलं. माझं हसू आहे ते. मला ओळखू येतं.

"स्वेन्या!" मी ओरडले.

तिने वर पाहिलं. नेमकं माझ्याकडे.

मग चटकन नजर खाली घेतली, भिंतीकडेने वर आली आणि दार लावून घेतलं. पाचव्या आठवड्यात सगळे करतात तसं.

रस्त्याकडचं दार बंद झालं.

पायऱ्या अजून एक्कावन्न उरल्या होत्या. अर्धवट कशा सोडायच्या?

*

सप्टेंबरात आईचं पोस्टकार्ड आलं. स्वेन्याने ते जिन्यात उभं राहून आयझेलेबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. टेसा दर शनिवारी फाटकापासून रस्त्यापर्यंत झाडते. शेजारी हसतात. पण मुलगी किती शांत झाली आहे, किती घरात रमली आहे. तुम्ही तिला काय शिकवलंत कोण जाणे. तुमचे आभार कसे मानू?

बाई म्हणाल्या, "कोपरे शिकवले." दोघी हसल्या. मीही हसले, वर, तिसऱ्याच्या वळणावर.

आज शनिवार आहे. पाटी माझ्या दाराला आहे. पाणी गरम आहे, कौलातून ऊन येतंय, आणि मी अजूनही गजराच्या आधी उठते. खाली सगळ्यांनी दारं लावून घेतली आहेत. कॉफीचा वास येतो. मी कधीकधी दुसऱ्या मजल्याच्या दारापाशी थोडं थांबते.

*

११ मेला आईला पाठवलेल्या फोटोत पाच घंट्या आहेत. खालून आयझेले, राप, श्टोल, फेटर. श्टोल म्हणजे स्वेन्या. तिच्या घंटीवर तिचं एकटीचंच नाव आहे. कोवालचिक सगळ्यात वरच्या घंटीवर आहे.