नाळेवरची बाई

"जयप्रकाश गेला होता फक्त गोदाम उघडून द्यायला," श्यामकांतकाका म्हणाले. बेहालातल्या त्यांच्या गच्चीवर जेवणं आटोपली होती, खालचा रस्ताही निवला होता; ओंकार आणि देवयानी काकांसमोर ऐकायला बसले होते. "माझ्या ओळखीतला माणूस. गार्डन रीचला, बंदराजवळच्या नदीकाठच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. ही गोष्ट यंदाच्या संक्रांतीच्या आदल्या रात्रीची."

गोदामात एक लाकडी बाई होती. शिडाच्या जहाजांच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, पूर्वी अशी कोरीव मूर्ती बसवत.

"म्हणजे डॅशबोर्डवरचा गणपती," ओंकार म्हणाला.

"तसंच समज. फक्त ही लाटा छातीवर घ्यायची."

जहाज मोडलं की अशा मूर्ती सरपणात जात. ही सागवानी, म्हणून तगली. जयप्रकाशच्या कंपनीला ती नव्या हॉटेलच्या दारात उभी करायची होती. जुना रंग उतरवायला सुरुची नावाची मुलगी कंत्राटावर घेतली होती. औषधात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ती एकेक थर काढायची, जखम पुसावी तशी. सोमवारी दुपारी बाईच्या पायाशी कोरलेली फीत मोकळी झाली. फितीवर जहाजाचं नाव होतं.

"सर, हे गिरमिटियांचं जहाज!" सुरुची नाचायचीच बाकी होती. "इथल्याच बंदरातून, मजुरीच्या करारावर माणसं भरून समुद्रापार उसाच्या मळ्यांवर न्यायचे. किती तरी वाटेतच मेली. हे नाव सगळ्यांना दिसायलाच हवं." अक्षरं उथळ होती. फोटोत यायला सकाळचा तिरपा उजेड लागतो, उद्या काढते, म्हणाली.

बातमी कंपनीच्या साहेबांपर्यंत गेली आणि संध्याकाळी त्यांचा जयप्रकाशला फोन आला. त्या दारातून वराती जाणार, असलं नाव तिथे नको. साहेब ओरडले नाहीत. "बघा काय ते," एवढंच म्हणाले. जयप्रकाश गोदामात परत गेला आणि पॉलिश पेपर घेऊन, स्वतःच्या हाताने, फीत गुळगुळीत करून आला.

मंगळवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, या मुलीच्या औषधाने लाकूड खाल्लं. सुरुची जयप्रकाशकडे वळली. "सर, तुम्ही वाचलं होतंत ना? सांगा ना यांना."

"माझ्याकडे चष्मा नव्हता," जयप्रकाश म्हणाला.

चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

"शी!" देवयानी म्हणाली.

"त्यालाही स्वतःबद्दल तेच वाटलं, बाळ. म्हणून त्या रात्री ताट तसंच राहिलं."

धुकं दाट होतं. गंगासागरला निघालेल्या यात्रेकरूंनी शहर भरून गेलं होतं. जयप्रकाशला झोप लागत नव्हती. दोन वाजून गेले असतील, तेव्हा खिडकीबाहेरून कुणीतरी विचारलं. बाईचा आवाज. थकलेला.

"बाबू, ई कवन जहाज ह?"

हे कुठलं जहाज? चुकलेली यात्रेकरू असेल, त्याला वाटलं. बिहारकडून येतातच. फेरी सकाळी सुरू होईल, असं सांगायला तो उठला. तावदान सरकवून खाली वाकला.

रस्ता रिकामा होता.

आवाज खालून आलाच नव्हता. समोरून आला होता. त्याच्या तोंडासमोरून.

"बाबू... ई कवन जहाज ह?"

वास आला. ओलं लाकूड. ओकारी. खूप माणसं.

नाव त्याच्या जिभेवर होतं. तेवढ्यात शेजारच्या खिडकीत दिवा लागला. तिथे ऑफिसातलाच एक जण राहायचा. त्याने ऐकलं तर...

जयप्रकाशने नाव सांगितलं. अगदी हळू. ओठांतल्या ओठांत.

मग तोच आवाज. अदबीने.

"तनी जोर से कहीं, बाबू. पाछे वाला लोग नइखे सुनले."

मागच्यांना ऐकू गेलं नाही.

मागचे.

धुक्यात कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणी. खूप लांबपर्यंत. एक तान्हं रडू लागलं. लगेच गप्प केलं गेलं... ऐकू यावं म्हणून.

जयप्रकाशने तोंड उघडलं. शेजारच्या दिव्याकडे पाहिलं.

आणि तावदान ओढून घेतलं.

काका थांबले.

"पण सकाळी तरी?" देवयानीचा आवाज चढला. "सकाळी ऑफिसात सांगितलं असेल ना त्यांनी?"

"सुरुचीला काढलं. आता तिला कुणी काम देत नाही."

"मी ते नाही विचारलं, काका. ते बोलले का?"

"अजून नाही."

"मग तुम्हाला हे कसं कळलं?" ओंकारने विचारलं. या वेळी त्याला विनोद सुचला नव्हता.

"पहाटे त्याने मला बोलावून घेतलं. खिडकी दाखवायला. बाहेर ना सज्जा, ना कठडा. सरळ तीन मजले खाली. काच आतून स्वच्छ होती. बाहेरच्या बाजूला दवात ठसे उमटले होते. मला आधी वाटलं, हातांचे..."

"मग?"

काकांनी पाण्याचा पेला उचलला. तसाच खाली ठेवला.

"कानांचे. वरपासून खालपर्यंत, एकाला एक चिकटून... आणि अगदी खालच्या कडेला, लहान लहान."