हरणीनं सोडलेली जागा

आधीच सांगते, ही मी रचलेली गोष्ट नाही. रचायचीच असती तर मी रात्र घेतली असती, अमावस्या घेतली असती, एखादं पडकं देऊळ घेतलं असतं.

इथं यातलं काहीच नाही.

भर दुपार होती. मे महिना. धारूर. आणि पलीकडं मांडवात जेवणाची पंगत बसली होती.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल युसूफ वडगावला यावं. त्या घराच्या खिडकीची काच मी माझ्या ओढणीनं पुसून आलेय. माझी. स्वतःच्या हातानं.

तर, हे घडलं माझ्या चुलतबहिणीसोबत. तेजश्रीसोबत. तिचे वडील युसूफ वडगावचे बजरंग, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. घरात आई आहे, आमची तुळजाबाई आत्या आहे, आणि दोन कुत्री. हरणी आणि गब्रू. हरणी कारवानी जातीची, लांब तोंडाची, उंच पायांची, पोट आत गेलेली. गब्रू गावठी, तांबडा, आणि खाण्यापुरता शूर.

आप्पांचं शेत धारूरकडं, डोंगराच्या कडेला. दर शनिवारी सगळ्यांनी जायचं. पण जुनी गाडी इवलीशी. त्यात हरणीला गाडी लागायची. एकदा तर ती सरळ आत्याच्या मांडीवर ओकली. नव्या लुगड्यावर! त्या दिवशी आत्या घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. आत्या बोलत नाही म्हणजे काय, ते आमच्या घरात विचारा.

मग आप्पांनी निकाल दिला.

"मोठी गाडी घेऊ. जुनीच, पण मोठी. तिच्यात कुत्रे मावले तर मावले. न्हाई तर दोघांची रवानगी आखाड्यावर."

आखाडा म्हणजे शेतातली राहायची खोली. तिथलं आधीचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं. सकाळी फक्त साखळी सापडली होती.

तेजश्री त्या रात्री झोपली नाही. हरणीला तिनं बोटानं दूध पाजून वाढवलं होतं.

म्हणून गाडी निवडायला आप्पांसोबत ती स्वतः गेली, दोन्ही कुत्री घेऊन. अगदी तयारीनं! डिक्की किती उंच, मागची सीट दुमडते का, मागं एसीचा वारा पोहोचतो का, सगळं तिला तोंडपाठ. केजला आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त इसाकभाई जुन्या गाड्या विकतात. त्यांच्याकडं तीन गाड्या उभ्या होत्या.

पांढरीची डिक्की इतकी उंच की हरणीनं नुसतं बघितलं आणि खाली बसली.

लाल गाडीच्या काळ्या सीट उन्हानं तव्यासारख्या तापलेल्या.

"बे बजरंग," इसाकभाई हसले, "माणसं गाडी घेताना ॲव्हरेज विचारतेत. तुझी पोरगी कुत्र्याला पसंत हाय का विचारती."

"मग त्यांनाच विचारू की, चाचा," तेजश्री म्हणाली. "ज्या गाडीत हरणी आपणहून चढंल ती आपली."

बोलून गेली बिचारी.

कोपऱ्यात तिसरी उभी होती. राखाडी.

हरणीचे कान ताठ झाले. तिनं मान वाकडी केली… कोणी हळूच हाक मारावी, तशी.

आणि पट्टा हिसडून ती पळाली. गाडी बघितली की अंगणात दडणारी हरणी! उघड्या डिक्कीत एका उडीत चढली. मागोमाग गब्रू.

हरणी डाव्या अंगाला टेकून बसली. गब्रू उजव्या अंगाला.

मधे चांगली हातभर जागा… मोकळी.

"झालं! पसंत!" आप्पांनी टाळी दिली.

तेजश्री नाचलीच. गाडीत मागच्या सीटच्या पाठी जाळीसुद्धा आधीच बसवलेली होती, कुत्र्यांसाठीच केल्यासारखी. मग ती वाकून डिक्कीचं दार बघायला लागली.

दाराच्या आतल्या बाजूला, खाली… ओरखडे होते.

एक-दोन नाही. एकावर एक. पार पत्र्यापर्यंत गेलेले.

"चाचा, आधी कोणाचं कुत्रं होतं का ह्यात?"

"मला म्हायती न्हाई, बेटा. अल्ला कसम. एजंटाकडून आली. पहिला मालक कुठला तरी लांबचा, मधल्या मालकानं फक्त पोती वाहिली." इसाकभाई मागची काच फडक्यानं पुसत होते. "कागद साफ हाय, इंजिन साफ हाय. ही एक काच तेवढी साफ राहत न्हाई. कितीबी पुसा, डाग येतोच."

काचेवर खालच्या बाजूला एक गोल, ओला डाग होता.

हरणी आणि गब्रू तर काचेपासून लांब बसले होते.

तेजश्री काही बोलली नाही. बोलली असती तर गाडी गेली असती. आणि गाडी गेली की हरणी आखाड्यावर.

घरी आल्यावर आत्यानं भाकरतुकडा आणला. गाडीवरून ओवाळला, पुटपुटली, आणि तिवाट्यावर टाकायला निघाली.

"आक्का, घरात दोन कुत्रे हायत. तिवाट्यावर कशाला जाती उन्हाची?" असं म्हणून आप्पांनी तिच्या हातून भाकर घेतली आणि हरणीपुढं टाकली.

"आरं, ओवाळलेलं घरात न्हाई ठिवत!"

पण भाकर हरणीच्या तोंडात गेली होती. हरणी म्हणजे भाकर जमिनीवर पडायच्या आत गिळणारी.

तिनं ती खाल्ली नाही.

तोंडात अलगद धरून ती गाडीकडं गेली. डिक्कीत चढली. मधल्या मोकळ्या जागेत भाकर ठेवली. आणि मागं सरकून… शेपूट हलवत बसली.

आप्पा हसले. आत्या हसली नाही.

सकाळी तिथं भाकर नव्हती. रात्रभर गाडी बंद होती, आणि दोन्ही कुत्री ओसरीवर होती.

मग दर शनिवारी धारूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. हरणी एकदाही ओकली नाही. आप्पा खूश. "बघ, मोठ्या गाडीची शान!"

तेजश्री डिक्कीत एक वाकळ अंथरायची आणि पितळी वाडग्यात पाणी ठेवायची.

केजच्या पुढं जाईपर्यंत वाडगं… कोरडं.

सांडलं म्हणावं तर वाकळ कोरडी. तिनं पुन्हा भरलं. घाटाच्या आधी पुन्हा कोरडं.

कुत्री पितायत, असं तिनं मनाला सांगितलं.

एका शनिवारी ती मागच्या सीटवर डुलक्या घेत होती. मानेवर गरम वाफ यायला लागली. जाळीतून. हॅ… हॅ… हॅ… हॅ…

"हरणे, गप की गं."

हॅ… हॅ… हॅ…

तिनं वळून बघितलं.

हरणी झोपली होती. तोंड मिटलेलं. गब्रू झोपला होता. तोंड मिटलेलं.

धाप मधून येत होती.

मधल्या मोकळ्या जागेतून.

तेजश्री पुढं वळली. बाटली घट्ट धरून बसली. रडू आलं, तरी आवाज काढला नाही. तिच्या डोळ्यांपुढं सारखी ती आखाड्यावरची साखळी येत होती.

आणि मग ती दुपार आली.

धारूरला नातेवाइकांकडं जावळाचं जेवण होतं. लिंबाखाली गाडी लावली. दोन्ही कुत्र्यांना झाडाला बांधलं, सावलीत. गाडी आप्पांनी बंद केली, चावी खिशात टाकली. ऊन असं की रस्त्यावर नजर ठरत नव्हती.

जेवण झाल्यावर तेजश्री कुत्र्यांना भाकरी घेऊन आली.

गब्रू एकटाच होता. झाडाच्या बुंध्याला अंग चिकटवून… थरथरत.

हरणीचा पट्टा जमिनीवर पडला होता. बकल लावलेलंच.

"हरणे!"

काही नाही.

"हरणेऽऽ!"

मग आवाज आला. खर्र… खर्र… खर्र…

गाडीतून.

गाडीच्या सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. वाफ धरलेली. भर उन्हात. तेजश्रीनं मागच्या काचेला डोळे लावले. आतून एक काळं नाक काचेला चिकटलं. हरणीचं. लांब. ओळखीचं.

आणि त्याच्या शेजारी… दुसरं.

आखूड. रुंद.

तिच्या मागं गब्रू विव्हळला. झाडाखालून.

"आप्पाऽऽऽ!"

आप्पा उष्ट्या हातानं पळत आले. मागून आत्या. आप्पांनी चावीचं बटण दाबलं.

कट्. उघडलं.

दाराला हात घालायच्या आत… कट्. बंद.

पुन्हा दाबलं. कट्… कट्.

"कावून असं करायली ही! आत गेली कशी ती?" आप्पांचा आवाज फाटला. त्यांनी दगड उचलला आणि काचेवर हाणला. दगड उलटून आला. काचेला ओरखडाही नाही.

आतली खरखर मंद होत चालली होती. हरणीचं नाक काचेवरून हळूहळू खाली घसरलं.

दुसरं मात्र तिथंच होतं. हॅ… हॅ… हॅ…

तेव्हा तेजश्रीच्या डोक्यात ते वाडगं आलं. कोरडं. दर वेळी कोरडं.

ती मांडवाकडं धावली. पंगतीत पाणी वाढणाऱ्याच्या हातून तिनं जग ओढून घेतला, द्रोण-पत्रावळी तुडवत परत आली. गाडीच्या मागं एक घमेलं पडलं होतं. ते तिनं डिक्कीसमोर जमिनीवर ठेवलं. काठोकाठ भरलं.

"ये," ती म्हणाली. "पाणी हाय. ये. कोणी बंद करणार न्हाई आता."

सगळं शांत झालं.

धाप थांबली.

…कट्.

डिक्की आपोआप वर गेली. आतून भट्टीसारखी झळ आली.

हरणी वाकळीवर पडली होती. जीभ बाहेर, डोळे उघडे. जिवंत! तेजश्रीनं तिला मिठीत उचलून खाली घेतलं. ती कशीबशी उभी राहिली, घमेल्यापर्यंत गेली.

पण प्यायली नाही.

जीव जात होता तिचा तहानेनं. तरी ती घमेल्याच्या एका अंगाला उभी राहिली. बाजूला जागा सोडून. आणि थांबली.

लप… लप… लप… लप…

पाणी हलत होतं. पाणी कमी होत होतं.

आप्पांनी बघितलं. आत्यानं बघितलं. तेजश्रीनं बघितलं. कोणीच कोणाकडं बघितलं नाही.

घमेलं अर्धं झालं, लपलप थांबली. मग हरणीनं मान खाली घातली आणि प्यायली.

दुसऱ्याच दिवशी गाडी इसाकभाईंकडं गेली. आप्पा काय सांगावं म्हणून चाचरत होते. इसाकभाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हात धरला.

"राहू दे. सांगू नको. ठेव चावी."

कुत्री शेवटची गाडीतून उतरली. आधी गब्रू, शेपूट पायात घालून. मग हरणी.

हरणी उतरून लगेच आली नाही. ती वळून डिक्कीकडं बघत उभी राहिली. शेपूट हळूहळू हलवत. तिनं एकदाच, अगदी बारीक आवाज काढला. कुत्री पिल्लांना बोलावताना काढते तसला…

मग ती तेजश्रीकडं निघाली. सावकाश. रस्त्याच्या पार एका कडेनं.

बाजूला जागा सोडून.

आठवड्यानं इसाकभाईंचा फोन आला. "बजरंग, एक नवल सांगू का? ती मागची काच. आता साफ राहायली बघ. डागच न्हाई."

आप्पांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हरणीकडं बघत बसले. हरणी ओसरीवर झोपली होती. गब्रू तिच्यापासून हातभर लांब.

जून लागल्यावर मी तिथं राहायला गेले. तेजश्रीनं सगळं सांगितलं आणि मी हसले. खरंच हसले! तिला म्हणाले, तू लई व्हिडिओ बघतेस.

मग जेवताना मी उगाच विषय काढला. "आप्पा, गाडी तर गेली. आता कुत्र्यांना आखाड्यावर सोडणार का?"

आप्पांचा घास हातातच राहिला.

"न्हाई सोडणार," ते म्हणाले. "दोघांना तिकडं सोडून आलो, आन् तिसरं हितंच राह्यलं तर?"

आत्या उठली. ओसरीवर पाणी ठेवायला. तीन वाडगी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात हरणीला फणी करत होते. गब्रू माझ्या पायाशी होता. घरातले सगळे बाहेर, बाजेवर. सहज खोलीच्या खिडकीकडं लक्ष गेलं. वाऱ्यानं खोलीचं दार लागलं होतं.

काचेवर, खाली… एक गोल, ओला डाग होता.

मी जाऊन ओढणीनं पुसला. घासून घासून पुसला.

गेला नाही.

तो आतल्या बाजूनं होता.

मी पुसत असतानाच हरणी मागून आली, मला ओलांडून गेली, आणि तिनं पायानं ढकलून ते दार उघडलं. मग बाजूला सरकून उभी राहिली.

तेव्हापासून मीसुद्धा कुठलंच दार लावून घेत नाही. आमच्याकडं कुत्रं नाही. तरीही.