मेमेचा आरसा

आमच्या देवळासमोर तळं नाही. कधी नव्हतंच. डोंगराच्या माथ्यावर तळं राहणार कुठे? आहे ते दगडी अंगण, अंगणाच्या टोकाला मधोमध दुभंगलेलं उंच दार आणि दाराच्या फटीतून समोर दिसणारा ज्वालामुखी. तरी उजाडायच्या आत जी रांग लागते ती तळ्यासाठीच लागते.

तळं मी करतो. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, समोरच्याचा मोबाइल घ्यायचा आणि कॅमेऱ्याच्या भिंगाखाली छोटा आरसा आडवा धरायचा. फोटोतली फरशी गायब होते आणि तिथे पाणी येतं. पाण्यात दार उलटं, डोंगर उलटा, पाहुणा उलटा. ते फोटो बघून आणखी लोक येतात आणि गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात, तळं कुठाय?

मला ह्या लोकांची किळस येते, आधीच सांगून टाकतो. मोबाइल हातात येतो तो घामाने चिकट. काचेवर गालाची पावडर, ओठांची लाली, नाश्त्याच्या कोंबडीचं तेल. प्रत्येकाचा मोबाइल मी माझ्या कमरेला गुंडाळलेल्या सारोंगच्या काठाने पुसतो आणि दुपारपर्यंत त्या काठाला असा वास सुटतो की मान वळवून बसावं लागतं. बायका भाड्याचा लाल झगा घालतात. एकीने काढला की तिच्या घामासकट तो दुसरी चढवते. "हात वर. थांबा. आता एक हात कमरेवर, हनुवटी वर. थांबा. पुढचा!" दिवसभर माझ्या तोंडी एवढंच. 'पुढचा' म्हटल्याशिवाय कोणी हात खाली घेत नाही. फोटो निघाला तरी तसेच ताटकळत उभे राहतात.

माझा धाकटा भाऊ लानुस रांगेतले नंबर पुकारतो. आम्ही दोघं ह्याच कामावर घर चालवतो.

मेमे, म्हणजे आमची आई, गेल्या वर्षी गेली. शेवटी शेवटी तिचे दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. तरी विडा खाल्ला की हातातला आरसा तोंडासमोर धरायची आणि विचारायची, "दिसते का रे बरी?" माझ्या बायकोला, सुकेर्तीला, कित्येक वर्षं दिवस राहत नव्हते. मेमे तिला चिडवायची, "तू काळजी करू नको. मीच येते तुझ्या पोटी." मग माझ्याकडे वळायची, "फक्त नेंगाह, ह्या खेपेला मला डोळे चांगले देऊन पाठव हं." घरातलं माणूस घरातच परत येतं, हे आमच्या बेटावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून ती गेल्यावर तिला न्हाऊ घालताना मी जीव ओतून काम केलं. पुढच्या जन्मी नजर लख्ख असावी म्हणून मृताच्या डोळ्यांवर आरशाचे तुकडे ठेवतात. ते मी तिच्याच आरशाच्या कोपऱ्यातून कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि तिच्या पापण्यांवर बसवले. गावाचं सामुदायिक दहन वर्षाने होतं, तोवर तिला मसणात पुरलं. चुलत बहीण रेंतिनने बजावलं होतं, "उरलेला आरसा खड्ड्यात टाक हं. घरात ठेवू नकोस." त्या धांदलीत तो स्वयंपाकघरातल्या फळीवरच राहिला.

पुढे सुकेर्तीला दिवस गेले. दहन झाल्यावरच जीव परत यायला मोकळा होतो. मेमेचं दहन आधी आणि बाळंतपण नंतर, असा सगळा योग जुळून आला. सुकेर्ती पोटाशी मेमेच्या नावाने गप्पा मारायची.

अशात एका पाहुण्याने सेल्फीची काठी फिरवली आणि माझ्या हातातला आरसा फरशीवर पडून फुटला. माफी मागायच्या ऐवजी त्याने तुकड्यांचाच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी घाईत हाताला लागला तो फळीवरचा आरसा घेऊन मी देवळात गेलो. डोक्यात काही आलं नाही. आरसा तो आरसा.

पहिल्याच फोटोत पाणी वेगळं आलं. जुन्या आरशातलं तळं नुसतंच चकाकायचं. हे पाणी खोल होतं. दाराचं प्रतिबिंब खाली जाता जाता काळपट होत होतं आणि कडेला बारीक तरंग उठले होते. रांगेतले लोक माना लांब करून बघायला लागले.

"काय ब्ली," लानुस ओरडला, "आज तळ्यात मासे सोडलेस की काय?"

ब्ली म्हणजे दादा. दादाची थट्टा केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी हसलो. मनातून खूशही झालो होतो.

संध्याकाळी आरसा पुसला तर फडकं तपकिरी झालं. पाठीमागचा पारा ओलसर लागत होता. बोटं नाकाशी नेली. केळीचा बुंधा चिखलात कुजला की सुटतो तो वास. ह्या लोकांची घाण, दुसरं काय, असं म्हणत मी साबणाने हात धुतले. दोनदा धुतले तरी वास नखांत राहिला.

"अंगाला काय लावून आलात?" सुकेर्तीने नाक दाबलं. "बाहेरच धुऊन या. मला मळमळतंय."

पुढच्या आठवड्यात जकार्ताहून एक जाडजूड बाई आली. लाल झगा तिला पाठीमागे लागत नव्हता, तो चाप लावून अडकवला होता. फोटो बघून ती तडक माझ्यासमोर आली.

"अहो, हे काय? एवढ्या लांबून मी गटाराचा फोटो काढायला आले का?"

मी बघितलं. पाणी गढूळ होतं. दाराच्या उलट्या शेंड्याभोवती पांढरे बारीक धागे लोंबत होते. नीट बघितलं तर ती मुळं होती. जमिनीच्या आतून वर बघितलं तर दिसतील तशी.

"भिंगावर केस आला असेल," मी म्हणालो.

"तुमच्या डोक्यावर तर एकही नाही, मग आला कुठून?"

रांग हसली. मी भिंग पुसलं, आरसा पुसला, पुन्हा फोटो काढला. मुळं तिथेच होती. बाई शिव्या घालत गाडीत बसून निघून गेली.

तिच्या मागे एक जपानी मुलगा होता. त्याचा फोटो काढून मी मोबाइल परत देणार, तेवढ्यात लानुसने माझं मनगट धरलं.

"थांब ब्ली. वर कोण उभं आहे?"

"हाच. पांढरा शर्ट."

"आणि पाण्यात?"

पाण्यात पांढरा शर्ट उलटा होता. त्याच्या शेजारी लाल झगाही होता, हात वर केलेला. जकार्ताची बाई एव्हाना घाटाच्या खाली पोचली असेल.

पुढच्या फोटोत पाण्यात तिघं होते. त्याच्या पुढच्यात चौघं. गेलेलं माणूस पाण्यातून जातच नव्हतं. दुपारपर्यंत ते खांद्याला खांदा लावून दाटले, एकमेकांच्या काखेत तोंडं खुपसलेले, ओलेकच्च, सगळ्यांचे हात वर. पाहुण्यांना ती गंमत वाटली. एकीने तर विचारलं, हे कोणतं फिल्टर?

लानुसने आरसा माझ्या हातातून काढून उलटसुलट करून बघितला. कापलेल्या कोपऱ्यावर त्याचं बोट थांबलं.

"हा मेमेचा?"

मी आरसा परत घ्यायला हात पुढे केला.

"मढ्यावरचा आरसा तू देवळात आणलास? शी! शी!" तो बाजूला जाऊन थुंकला. परत आला तेव्हा आवाज बसला होता. "ब्ली, ह्याचेच तुकडे तिच्या डोळ्यांवर आहेत ना रे? मग इतके दिवस ही सगळी घाण तू कुठे ओततो आहेस?"

मी देवळाच्या मागे धावलो आणि पोटातलं सगळं झुडपात टाकलं.

त्या दिवसापासून आरसा फडक्यात बांधून ठेवला आणि बाजारातून नवा आणला. नव्या आरशात फक्त चकाकी यायची. सुकेर्तीला मी काहीच सांगितलं नाही. पोटावर हात ठेवून ती विचारायची, "मेमे येतील ना हो?" मी मान हलवायचो.

दहनाच्या आधी मसणात खोदायला गेलो. सगळ्या गावाचे खड्डे एकाच वेळी उघडत होते. सावरीच्या झाडाखाली मेमेची जागा सखल, तिथे पाणी झिरपतं. तोंडाला कापड बांधूनही उपयोग नव्हता, वास जिभेवर बसत होता. वर्षभरात सगळं संपतं म्हणतात. सगळं संपलं नव्हतं. काळा, लिबलिबीत चिखल मी ओंजळीने उपसत होतो आणि त्यात तिचे केस बोटांना गुंडाळत होते. वरून सावरीची पांढरी मुळं लोंबत होती.

ती मुळं मी ओळखली.

कवटी हाताला लागली. लानुसने तोंड फिरवलं.

डोळ्यांच्या खोबणीत दोन्ही तुकडे जागच्या जागी होते. भोवती सगळं कुजलेलं आणि त्या काचांवर चिखलाचा एक ठिपका नाही.

मी वाकून बघितलं. त्यात माझा चेहरा नव्हता.

त्यात लाल झगा होता. त्याच्या मागे रांग होती.

नारळाच्या पाण्याने काच धुतली. सारोंगच्या काठाने पुसली, रोज मोबाइल पुसतो तशी. पुन्हा पुसली. रांग हलली नाही.

"काढून फेक," लानुस कुजबुजला.

"आणि ती आंधळीच परत आली तर?"

वरून पुरोहितांनी हाक मारली, आटपा. मी तुकडे तसेच ठेवले. हाडं पांढऱ्या कापडात बांधली आणि उरलेला आरसाही त्यात सरकवला. दुपारी सगळ्या गावाबरोबर मेमे जळाली. राख समुद्रात सोडताना मी हात जोडून एकच मागणं मागितलं. नुसती मेमेच येऊ दे.

पावसाळ्याच्या तोंडावर सुकेर्ती बाळंत झाली. मुलगी. घरी आणली तेव्हा रेंतिन आली, शेजारी आले, पडवी माणसांनी भरली.

"बघा तरी," सुकेर्ती रडत हसत होती. "मेमेच आल्यात. डोळे कसे लख्ख आहेत बघा."

खरंच लख्ख होते. माझ्या जिवात जीव आला. लानुसने मोबाइल काढला आणि पाळण्यावर धरला.

मुलीने मोबाइलकडे बघितलं. हळूहळू दोन्ही हात डोक्यावर नेले, तळवे जुळवले आणि तशीच राहिली.

"अय्या, नाचणारी होणार!" रेंतिन म्हणाली.

फोटो निघाला. मुलगी हलली नाही. पापणी लवली नाही. इवल्या दंडांना कापरं भरलं तरी हात वरच होते. माझ्या नाकात तोच चिखलाचा वास आला.

मी पाळण्यावर वाकलो आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, "पुढचा."

तिने हात खाली घेतले. चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग रांगेतला पुढचा आल्यासारखी तिने एक मूठ कमरेवर टेकवली आणि हनुवटी वर केली.