झोळी मी तिथंच ठेवली

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी प्रेमच्या पप्पांनी मेटाडोरची चावी फिरवली, तिथून हे सुरू झालं. वेळ पक्की ध्यानात आहे, कारण आठ महिन्यांचा माझा प्रेम सकाळपासून झोपला नव्हता आणि मी सारखी मोबाईलमध्ये किती वाजले ते बघत होते.

तीर्थपुरीच्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे. मेटाडोर चाळीस वर्षं जुनी, तिचं यांनी फिरतं घर केलेलं. आत दिवाण, गॅसची शेगडी, खिडक्यांना निळे पडदे. बॉडी जुनी, पण इंजिन नव्या गाडीचं बसवलेलं. सात महिने राबले त्याच्यामागं. छताच्या कड्यांना मी प्रेमची झोळी बांधली होती.

इंजिन धडधडलं अन् झोळीतला प्रेम गप्प झाला. दोन मिनिटांत गाढ झोपला.

"बघ, बापावर गेलंय. इंजिनाचा नाद!" हे हसले. इंजिन बंद करून चावी खिशात टाकली आणि चहा प्यायला गेले.

मी दिवाणावर पाठ टेकली. बाहेर ऊन भाजत होतं. डिझेलचा वास, तापलेल्या इंजिनाची टकटक... मग तीही थांबली. झोळी मात्र हलतच होती. हळूहळू, एका तालात. काम करता करता आपण दोरीनं झोका देतो ना, तशी. वारा नव्हता. मी हात लावून झोळी थांबवली. पलीकडून कुणीतरी ती ओढली. जोरात नाही... लेकरू जागं होऊ नये एवढ्या बेतानं.

प्रेमला उचलून मी उन्हात अनवाणी पळाले. तो माझ्या खांद्यावरून त्या रिकाम्या गाडीकडं हात पसरून रडत होता.

संध्याकाळी विचारलं, "अहो, इंजिन कुठून आणल्तं?"

"जालन्याहून. भंगारातून."

"कोणाच्या गाडीचं?"

ते पाना पुसत म्हणाले, "अपघात झाल्ता... बाई जागेवर गेली. लेकरू वाचलं म्हणे. शीतल, हे कुठं बोलू नको. कोण घेणार मंग गाडी?"

"मला ती दारात नको. विका जल्दी."

चार दिवसांनी अंबडहून राजानंद सर गाडी बघायला आले. बरोबर बायको भावना, तिच्या कडेवर पाच महिन्यांची पायल. सरांनी एक फेरी मारली. "दादा, दिसायला आजीबाई अन् पळायला पोरगी!" हे खूश झाले.

भावनानं झोळी दाखवून विचारलं, "वहिनी, लेकरू झोपतं का हिच्यात? आमची ही रातभर जागवून राह्यली."

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिचे डोळे माझ्यासारखेच खोल गेले होते.

"लगेच झोपतं," मी म्हणाले.

यातला एक शब्द खोटा नव्हता. तेच मला खातं.

सौदा लगेच झाला. लेकराची झोळी आमच्याकडं बाहेर देत नाहीत. तरी मी ती कड्यांवरून सोडवून घेतली नाही, आणि विसरले म्हणूनही नाही. झोळी घरी नेली तर ती अपघातातली बाई प्रेमच्या मागं येईल. तिला दुसरं लेकरू मिळालं तर नाही येणार... असं मी मनात म्हणाले आणि माझ्या हातानं गाठ घट्ट केली. पायलला आत निजवलंही मीच.

तिसऱ्या दिवशी भावनाचा फोन आला. मागं इंजिनाची घरघर.

"वहिनी, वेरूळला निघालो. झोळी लई गुणाची हो तुमची. पायल रडतच न्हाई."

मग तिचा आवाज एकदम खाली आला. "एक विचारू का? कालपासून ती माझं दूध घेईना. तोंड फिरवती. पण पोट गच्च भरलेलं... अन् ओठाला ताजं दूध लागलेलं असतं. वरचं दूध तर आम्ही चालूच केलं न्हाई..."

"भावना, आधी तिला..." मी बोलेपर्यंत फोन कट झाला.

तेव्हापासून दोघांचाही फोन लागत नाही. अंबडला जाऊन आले, घराला कुलूप आहे.

क्रीम रंगाची जुनी मेटाडोर, निळे पडदे. तुम्हाला कुठं दिसली तर थांबवा, नाहीतर वेरूळच्या बाजूच्या माणसांना कळवा. भावनाला एवढं सांगा, पायलला झोळीतून उचल. ती कितीही रडली तरी परत ठेवू नको. कोणी सांगितलं असं तिनं विचारलं तर माझं नाव घ्या. म्हणावं, शीतलनं सांगितलंय, तिला सगळं आधीच माहीत होतं.