केस वाढेपर्यंत

आमच्या वारूळवाडीत टोमॅटोचा भाव शेंबड्या पोरालाही पाठ असतो, पण मेरोविंजियन म्हटलं की लोकांना ते फवारणीचं औषध वाटतं. माझा थोरला भाऊ सुदर्शन जुन्नरला क्लासमध्ये इतिहास शिकवायचा. दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्सवर राज्य केलेल्या त्या फ्रँकिश राजांनी त्याला वेड लावलं होतं. ते केस कापत नसत. कापले की गादी गेली. मग यानंही कमरेपर्यंत वाढवले.

मुलगी बघायला जायच्या सकाळी कुंडलिककाकांनी चौघांकरवी त्याला अंगणात दाबून धरलं आणि मशीन फिरवलं. "आता कसं, माणसात आलं!" सगळे हसले. भ्याड साले.

सुदर्शन आईला एवढंच म्हणाला, "कापलेला राजा संपत नसतो, आई. केस वाढेपर्यंत कुठंतरी थांबतो."

दुपारी तो घरातून गेला, तो गेलाच.

आईनं केस गोळा केले, दोऱ्यानं बांधले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली, तर तिच्या अंगावर धावली. "माझ्या पोराचं हायेत!" दर रविवारी त्यांना तेल लावायची. पुढं डब्याचं झाकण बसेना.

"तेलानं फुगलेत," मी म्हटलं.

काही वर्षांनी त्यात पांढरे दिसायला लागले. आई हरखली. "वय व्हतंय त्याचं. म्हंजी हाय कुठंतरी."

मी वाद घातला नाही. मलाही तो हवाच होता राव.

यंदा संक्रांतीनंतर आईनं डबा उघडला. टोकं जळलेली. घरभर मसणाचा वास.

मी मीना नदीच्या काठी त्याची दशक्रिया केली, मुंडण केलं. आई आली नाही. घरी बसून तिनं जळकी टोकं कात्रीनं साफ केली.

"त्यो थांबलाय," म्हणाली.

तेव्हापासून माझ्या डोक्यावर एक केस उगवलेला नाही. डॉक्टरचं मलम चोळून संपलं.

काल रविवार. आईनं डबा मांडीवर घेतला. पांढऱ्यांच्या मुळाशी नवे केस आले होते. काळेभोर, दाट.

ती विंचरायला बसली. मी समोर चहा पीत होतो.

गुंता सुटेना. तिनं फणी ओढली.

कळ माझ्या टाळूतून गेली. मी डोकं धरून ओरडलो.

आईनं वर पाहिलंच नाही. डब्यावर वाकून मायेनं विचारलं,

"दुखलं का रं, सुदर्शन?"